एकविसावी जोडी

"तीनदा! एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा फोन केला मी," नवरा म्हणाला. "तिकडे वाजतोय, वाजतोय, आणि तू ढिम्म."

"मीटिंगमध्ये होते."

"तू? मीटिंगमध्ये?" त्याने हातातला पेपर खाली ठेवला. "तुझं काम मेण कापायचं. मेण कापणाऱ्याला कसली आलीय मीटिंग?"

तिने चपला काढल्या, पर्स दारामागच्या खुंटीला अडकवली आणि सरळ बेसिनकडे गेली. हात ती कोपरापर्यंत धुवायची. चौतीस वर्षांची सवय.

"काय हवं होतं तीनदा?"

"आता सापडलं."

"पण काय?"

"ती... गरम पाण्याची पिशवी. आईची."

"कुठे होती?"

नवऱ्याने पुन्हा पेपर उचलला. उत्तर लेकीने दिलं. ती जेवणाच्या टेबलाशी कॉम्प्युटर उघडून परीक्षेचा अभ्यास करत होती. एका कानावरचा हेडफोन सरकवून म्हणाली, "कपाटात. दुसऱ्या खणात. नेहमी असते तिथेच."

"मग तू काढून द्यायचीस ना, बाई."

"बाबांनी मला विचारलंच नाही. त्यांनी तुला फोन केला." हेडफोन परत कानावर गेला.

आतल्या खोलीतून सासूचा आवाज आला, "आली का गं? आली असशील तर आधी मला कुशीवर वळव. हा मला पोत्यासारखा उचलतो. परवा वाटलं, आता खांद्यावर टाकून बाजारात नेतोय."

"ऐकलंस?" नवरा म्हणाला. "म्हणून म्हणतो, सही कर आणि मोकळी हो. शुक्रवार शेवटचा दिवस."

सही करायची होती तो कागद साखरेच्या डब्याखाली आठ दिवसांपासून होता. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. नवऱ्याने तो स्वतः आणला होता आणि स्वतःच भरला होता. पाणीखात्यात तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, अक्षर मोत्यासारखं. नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, कारण: कौटुंबिक जबाबदारी. खाली फक्त एक रिकामी रेघ ठेवली होती. एवढी जागा मात्र त्याने मोठ्या मनाने तिच्यासाठी सोडली होती.

ती आत गेली, सासूच्या पाठीखाली एक हात, गुडघ्याखाली एक हात, आणि ओठातल्या ओठात एक-दोन-तीन म्हणत तिला कुशीवर वळवलं. मांडीचं हाड मोडून सात महिने झाले होते.

"तुझे हात चांगले आहेत," सासू म्हणाली. "तोंड मात्र आज उतरलंय."

"दमलेय, आई."

"दमायचंच. दोन घरं सांभाळतेस."

ती दोन घरं म्हणजे हे, आणि रुग्णालयाच्या तळमजल्यावरची ती खोली, हे सासूला कुणी सांगितलं नव्हतं. तिला आपोआप कळलं होतं.

त्या खोलीत ती एकविसाव्या वर्षी बाटल्या धुवायला लागली. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा आधी औषधात मुरवायचा, मग मेणात बसवून त्याचा ठोकळा करायचा, तो ठोकळा यंत्राला लावायचा आणि चाक फिरवत त्याचे काप काढायचे. काप इतके पातळ, की श्वास सोडला तर उडून जावेत. ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे. मग डॉक्टर काच बघणार आणि माणसाचं भविष्य सांगणार. तिथल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाने तिला बाटल्यांवरून उठवून यंत्रापाशी बसवलं आणि म्हणाला होता, "पोरी, तुझा श्वास हळू आहे. हे शिकवून येत नाही."

काचेवरचा काप चार मायक्रॉनचा लागतो. बाकीच्यांचे कधी पाच व्हायचे, कधी सहा, कधी मधोमध फाटायचे. तिचे चार म्हणजे चार. खोलीभर तिला चारमायक्रॉनताई म्हणत. घरी तिला अगं म्हणत, आई म्हणत, सूनबाई म्हणत. म्हणजे हाकच, नाव नव्हे. चारमायक्रॉनताई हे एकच नाव तिने स्वतः कमावलेलं होतं. खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीसमोर भिंत. तिला ती भिंतसुद्धा आवडायची. भिंत काही मागत नाही.

मग घरच्यांनी तिच्या पन्नाशीला मोबाइल दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाव्याला रिबीन बांधली होती एवढंच.

त्या सोमवारी ती खरोखरच मीटिंगमध्ये होती. मॅडमनी बोलावलं होतं. मॅडम म्हणजे त्वचेच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर, तिच्याहून अठरा वर्षांनी लहान, सडसडीत, बोलताना अर्धी वाक्यं गिळणाऱ्या. त्यांच्याकडे बत्तीस रुग्णांच्या बत्तीस जोड्या होत्या. प्रत्येक जोडीत दोन ठोकळे, एक गाठीचा आणि एक त्याच माणसाच्या निरोगी कातडीचा. ती काप काढून नळीत भरायची आणि ती नळी बर्फवाल्याकडे द्यायची. बर्फवाला हा प्रयोगशाळेतला दुसरा तंत्रज्ञ, पस्तिशीचा. हातात कायम बर्फाचा डबा, म्हणून ते नाव. तो त्या कापांतून पेशींचे निरोप वेगळे काढून यंत्रात वाचायचा.

निरोप हा मॅडमचा शब्द. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. जनुकावरून पेशी एक लांबलचक निरोप उतरवून घेते. त्यात कामाचं असतं तसं बिनकामाचंही असतं. पेशी बिनकामाचं कापून टाकते, कामाचं एकाला एक जोडते आणि त्या बेतलेल्या निरोपावरून प्रथिन बनवते. या कापाजोडीला मॅडम स्प्लायसिंग म्हणायच्या.

तिला हे चटकन कळलं, कारण नवऱ्याचा फोन असाच असायचा. "अगं, आज ऊन काय आहे, आणि समोरच्यांचा कुत्रा सकाळपासून ओरडतोय, मी म्हटलं बघावं, तर आई म्हणाली अंग गरम वाटतंय, आणि तुझी लेक तर काही ऐकतच नाही, तर थर्मामीटर." मधलं सगळं कापून टाकायचं आणि जोडायचं: आई, ताप, थर्मामीटर. ती रोज दहा वेळा हेच करायची.

"बरोबर," मॅडम हसल्या होत्या. "आता समजा, कापणारी कात्रीच बिघडली आणि तो कुत्रा निरोपात तसाच राहिला. गाठीच्या पेशीत हेच होतं. नको तो तुकडा राहतो आणि प्रथिनाला भलतीच शेपटी फुटते."

त्या शेपटीचे बारीक तुकडे पेशीच्या अंगावर दिसतात. शरीराचे पहारेकरी गाठीला आपल्यातलीच समजून सोडून देतात. पण ही शेपटी त्यांना परकी वाटू शकते. ती ओळखायला त्यांना शिकवलं, तर ते गाठीवर तुटून पडतील. मॅडमना त्यातून पुढे लस करायची होती. अट एकच होती. ती शेपटी निरोगी कातडीत असता कामा नये. असली, तर पहारेकरी घरच्याच माणसांना बडवतील.

अशा शेपट्यांपैकी सात-ब नावाची एक मॅडमच्या फार मनात भरली होती. एकोणीस गाठींत सापडली आणि निरोगी कातडीत कुठेच नाही. मग एकविसावी जोडी आली. त्या माणसाच्या निरोगी कातडीतही सात-ब निघाली. फिकी, पण निघाली. बर्फवाल्याने त्याच नळीतून पुन्हा दोनदा तपासलं. दोन्ही वेळा निघाली.

सोमवारी मॅडमनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "सात-ब सोडून द्यावी लागणार. शुक्रवारी मोठ्या समितीपुढे मी तसं सांगेन." आवाज सपाट होता, पण टाचणी टोचत टोचत त्यांनी समोरच्या कागदाची चाळणी करून ठेवली होती. तेवढ्यात तिच्या खिशात फोन थरथरायला लागला. तीनदा.

मंगळवारी सकाळी तिने आपली वही काढली. म्हाताऱ्या तंत्रज्ञाने लावलेली शिस्त. ठोकळा क्रमांक, वेळ, पातं बदललं की समोर खूण. काचेसाठी कापताना एकच पातं सरकवून सरकवून वापरलं तरी चालतं. पण निरोप वाचायचे असतील तर ठोकळा बदलला की पातं नवं, चिमटा नवा, हातमोजे नवे. नाहीतर एका ठोकळ्याचा कण दुसऱ्याच्या नळीत जातो. भिंतीवर पाटी होती: ठोकळा बदलला, पातं बदला. पाटी तिनेच लिहिली होती आणि नव्या पोरींना तिच्याखाली उभं करून ओरडलीही होती.

एकवीस, गाठ: अकरा चाळीस. एकवीस, निरोगी: बारा पाच.

दोन ठोकळ्यांत तिला सहा-सात मिनिटं लागायची. इथे पंचवीस लागली होती. समोर पातं बदलल्याची खूण होती. पण खुणा तर त्या पानावर बाराही होत्या, एका रेषेत, एकाच दाबाच्या. कारण ती सकाळी पान आखतानाच बाराही खुणा करून टाकायची. हात चुकत नाही, तर खूण नंतर काय आणि आधी काय! स्वयंपाकघरात नाही का आपण मीठ घातलं म्हणतो आणि मग घालतो.

तिने फोन काढला आणि मागे मागे जायला लागली. तीन महिने मागे. बोटाखालून नावं सरकत होती: घर, घर, घर, घर, बर्फवाला, घर, घर. तो दिवस सापडला. अकरा त्रेचाळीस. घर. एकोणीस मिनिटं.

आठवलं. त्या दिवशी सासूचं अंथरूण भिजलं होतं. नवरा फोनवर म्हणाला होता, "ती रडतेय. मला बघवत नाही. तू सांग, मी काय करू, तू सांग." खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून ती एक एक पायरी सांगत गेली. आधी दार लावा. कोरडी चादर लांबीने गुंडाळा. आता त्यांना तुमच्याकडे वळवा. नाही, ओढू नका, वळवा. शेवटी त्याचाही आवाज फुटला होता. साठीचा माणूस, आईचं शरीर बघून घाबरलेला. तिला त्याची कीव आली होती, हे खरं. मग फोन ठेवून तिने पुढचा ठोकळा लावला आणि चाक फिरवलं.

पण पातं? तिने पानाच्या तळाशी बघितलं. वापरलेली पाती लाल डब्यात जातात आणि संध्याकाळी मोजून आकडा लिहावा लागतो, कुणाला कापू नये म्हणून. बारा ठोकळे. पाती: अकरा. तिच्याच अक्षरात. लिहिताना तिचं डोकं भाजी कुठली घ्यायची यात असणार.

वही मिटून ती भिंतीकडे बघत बसली.

सांगावं, तर चौतीस वर्षांचं नाव जाईल, मॅडम कामावरून काढतील, आणि घरी साखरेच्या डब्याखाली पिंजरा दार उघडून तयारच आहे. "बघ, तुलाही आता झेपत नाही," नवरा म्हणणार, आणि ते खोटं म्हणता येणार नाही. न सांगावं, तर खोली राहील, खिडकी राहील, नावही राहील. फक्त सात-ब शुक्रवारी कचऱ्यात जाईल, आणि कुणाला कळणारही नाही की सात-बला तिथे एका कुत्र्याने, उन्हाने आणि भिजलेल्या चादरीने टाकलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

फोन वाजला. घर.

"अगं, दुधाचं भांडं लागलंय खाली. कशाने घासू?"

"भिजत घाला."

"किती वेळ?"

"मी येईपर्यंत."

"तेच म्हणतो मी," नवरा समाधानाने म्हणाला. "तू घरी असतीस तर लागलंच नसतं."

मंगळवार तसाच गेला. संध्याकाळी तिने भांडं घासलं. सासूला वळवताना हात थोडा चुकला आणि सासू कळवळली. "आज तुझं लक्ष कुठाय गं?" जेवताना नवरा म्हणाला, "पेन ठेवलंय बरं का डब्यापाशी."

"दिसलं."

"चालतंय. मी तपासून घेतलंय."

बुधवारी तिने ठोकळ्यांचं कपाट उघडून एकवीस निरोगी हातात घेतला. आत कातडीचा तुकडा नखाएवढाही उरला नव्हता. जेमतेम आठ-दहा काप निघाले असते, तेही हात ठाम असला तर. तो उजेडाकडे धरून ती किती वेळ उभी होती कोण जाणे. बर्फवाला मागून म्हणाला, "ताई, नजर लावताय की काय त्याला?"

"मॅडम आल्यात?"

"आल्यात. पण जपून. परवापासून टाचण्या संपल्यात."

ती वही घेऊन आत गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अकरा चाळीस, बारा पाच, एकोणीस मिनिटं, अकरा पाती. रडली नाही. रडलं की समोरच्याला समजूत घालावी लागते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो, हे तिला घरी राहून चांगलं ठाऊक होतं.

मॅडमनी पान बघितलं.

"तीन महिने, ताई," त्या म्हणाल्या. "तीन महिने मी झोपले नाहीये नीट."

"हो."

"आणि या खुणा? या सगळ्या आधीच केलेल्या?"

"हो."

"सगळ्या पानांवर?"

"हो, मॅडम."

मॅडम खुर्चीतून उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या. "परवा तुमच्या घरून ऑफिसच्या फोनवर फोन आला होता. निवृत्तीचा अर्ज कुणाकडे द्यायचा म्हणून. मी म्हटलं, ताई बोलल्या नाहीत काही. तुम्हाला जायचंच असेल तर हे प्रकरण वाढवायची मला गरज नाही. तुम्ही अर्ज द्या, मी एकविसावी जोडी गाळली म्हणून लिहीन. कुणी काही बोलणार नाही."

म्हणजे दोन्हीकडची दारं एकाच खोलीत उघडत होती. नवऱ्याने तिला न विचारता इथवर हात घातला होता, याचा राग तिला यायला हवा होता; पण आधी आली ती भीती. किती सोपं होतं ते. फक्त एक सही.

"गाळलीत तर सात-ब राहील का?" तिने विचारलं.

"अडचणीची जोडी गाळून राखलेली गोष्ट..." मॅडमनी वाक्य गिळलं. मग म्हणाल्या, "नाही. समिती विचारेलच, का गाळली."

"ठोकळ्यात अजून आठ काप आहेत."

"कोण काढणार?"

"मी."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात माया नव्हती, आणि तिला ते बरं वाटलं. "तो शेजारी उभा राहील," त्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या बर्फवाल्याकडे मान वळवून म्हणाल्या. "प्रत्येक खूण तो करेल. तुम्ही नाही."

तिने फोन कपाटात ठेवून कुलूप लावलं. आयुष्यात पहिल्यांदाच. नवं पातं, नवे हातमोजे, नवा चिमटा. बर्फवाला शेजारी वही घेऊन उभा राहिला, बिचारा आपणच चोरी केल्यासारखा. "ताई, मला हे आवडत नाही हो."

"मलाही नाही. पातं बदललं, लिही."

"लिहिलं."

पहिला काप फाटला. कपाटातून घूं घूं आवाज येत होता, पत्र्यावर भुंगा अडकावा तसा. बर्फवाल्याने तिकडे बघितलं. तिने नाही. डोळे मिटले, श्वास सोडला, पुन्हा घेतला नाही, आणि चाक फिरवलं. दुसरा निघाला. तिसरा निघाला. सात निघाले. मग मेणात नुसती भोकाएवढी खूण उरली.

गुरुवारी दुपारी बर्फवाला निकाल घेऊन आला. एकवीस निरोगी: सात-ब नाही. अजिबात नाही. त्याने आधी तिला सांगितलं आणि मग मॅडमना, आणि यासाठी नंतर बोलणी खाल्ली.

मॅडमनी तिला आत बोलावलं. बसायला सांगितलं नाही, पण पंखा तिच्या दिशेने वळवला.

"सात-ब वाचली," त्या म्हणाल्या. "पण वहीवर आता कुणी विश्वास ठेवणार नाही. मीसुद्धा नाही. सगळ्या जोड्या पुन्हा कापायच्या. एकतीस उरल्यात, आणि दुसऱ्या रुग्णालयातून चाळीस नव्या येतायत. नऊला रोजचं काम सुरू होतं, म्हणजे हे सात ते नऊ करावं लागेल. रोज दोन जोड्या. तो शेजारी उभा राहणार, शेवटपर्यंत. चूक तुमच्या नावाने लेखी जाणार. समितीपुढेही."

"जाऊ दे."

"आणि फोन..."

"तो येणार नाही."

"उद्यापासून जमेल? नाहीतर आत्ताच सांगा, मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. तुमच्यासारखं मिळणार नाही, पण बघावं लागेल."

एवढंच कौतुक त्या दिवशी तिच्या वाट्याला आलं, आणि तेही दुसऱ्या वाक्याच्या शेपटीला.

गुरुवारीही कुलपात ठेवलेला फोन तिने घरी परतताना बघितला. दोन दिवसांचे न उचललेले फोन मिळून सव्वीस. चावी लावायच्या आत दार उघडलं.

"माणूस मेलं तरी कळायचं नाही तुला!" नवरा म्हणाला. "काल नाही उचलला, आज नाही उचलला. मी म्हटलं, गाडीखाली आली की काय."

"कोण मेलंय?"

"कुणी नाही! पण मेलं असतं तर?"

"मी नाही मेले," आतून सासू ओरडली. "मला वळवलं सुद्धा याने. पोत्यासारखंच, पण वळवलं."

"कितीदा?"

"दोनदा. दुसऱ्यांदा बरं वळवलं."

लेकीने दोन्ही कानांवरचे हेडफोन काढले. घरात काहीतरी होणार असलं की तिला ते बरोबर कळायचं.

तिने हात धुतले, कोपरापर्यंत. साखरेचा डबा उचलला आणि त्याखालचा कागद काढला. नवऱ्याचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याने पेन तिच्या हातात दिलं, टोपण काढून.

"शहाणी आहेस," तो म्हणाला. "उद्या मीच नेऊन देतो. तुला खेप नको."

ती खुर्चीवर बसली, अर्ज पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. नवरा खांद्यावरून वाकून बघत होता. सात: तोंड धुणं, दूध. आठ: पांढरी गोळी, खाल्ल्यावर. दहा: डाव्या कुशीवर. बारा: पाठीवर, चादर बघणे. दोन: उजव्या कुशीवर. चार: पाठीवर, टाचांना तेल. गरम पाण्याची पिशवी: कपाट, दुसरा खण. थर्मामीटर: तोच खण, डावीकडे. लागलेलं भांडं: भिजत घालून स्वतः घासणे. तिचं अक्षर नवऱ्याइतकं देखणं नव्हतं, पण बारीक होतं आणि एका पानात सगळं मावलं.

"हे काय?" नवरा म्हणाला. "अगं, अर्जावर? तो सरकारी कागद आहे!"

"पुढची बाजू भरलीत तुम्ही. ही बाजू रिकामी होती."

"पण सही?"

तिने पानाच्या तळाशी सही केली. तिथे, जिथे ती वहीत रोज पात्यांचा आकडा लिहायची. मग ती उठली, सासूच्या खोलीत गेली आणि कागद पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावला. सासूने डोळे बारीक करून बघितलं. वाचता येत नव्हतं इतक्या लांबून, पण मान डोलवली.

तिला ठाऊक होतं, यातून काही सुटका बिटका झालेली नाही. उद्या तिथे पहारा असणार, संध्याकाळी इथे पाठ मोडणार. चाळीस नव्या जोड्या संपल्या की पुढे काय, ते मॅडमनी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. नवरा दारात उभा होता, पेनाचं टोपण हातात धरून, गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखा. त्याच्याकडे बघून तिला पुन्हा कीव आली. ती तिने बाजूला ठेवली.

कपाटाचा दुसरा खण उघडून तिने फोन गरम पाण्याच्या पिशवीशेजारी ठेवला आणि खण लावला.

"उद्यापासून मी सकाळी सहाला निघणार, संध्याकाळी साडेसहाला येणार," ती म्हणाली. "आईंचं दिवसाचं तुम्ही बापलेकींनी बघायचं. फोन घरी राहील."